टीव्हीवरचा इतिहास आणि 'हे कशावरून?'

ऐतिहासिक सिरियलवर टीका सुरू झाली की ती पगडी, साडी आणि दागिन्यांपाशीच अडकते. नऊवारीचा काठ आजचा आहे, वाड्याचे खांब थर्मोकोलचे वाटतात, घोडा मराठी तट्टू नाही, वगैरे. या चुका असतात, पण त्यांनी फार काही बिघडतं असं मला वाटत नाही, कारण पुढच्या सिरियलमध्ये दुसरा ड्रेसवाला येतो आणि त्या सुधारतात. माझी तक्रार वेगळी आहे आणि ती गेली कित्येक वर्षं तशीच आहे. आपल्या टीव्हीवर इतिहास सांगणारा माणूस, त्याला हे कुठून कळलं, ते कधीच सांगत नाही. कुणी लिहून ठेवलं, कधी लिहिलं, लिहिणारा तिथे हजर होता का, दुसऱ्या कुणी त्याच प्रसंगाचं वेगळं काही लिहिलंय का, यातलं काहीच प्रेक्षकापर्यंत येत नाही. सुरुवातीला दोन सेकंद एक डिस्क्लेमर झळकतो, अक्षरं इतकी बारीक की घरातल्या कुणालाच वाचता येत नाहीत, आणि त्यानंतर अर्धा तास जे दिसतं ते सगळं एकाच ठाम आवाजात खरं म्हणून सांगितलं जातं. लेखकानं काल रात्री लिहिलेला डायलॉग आणि साडेतीनशे वर्षांपूर्वीच्या पत्रातलं वाक्य यात बघणाऱ्याला फरकच करता येत नाही, आणि मग तो डायलॉग शाळेच्या गॅदरिंगमध्ये, व्हॉट्सअॅपवर, नेत्याच्या भाषणात महाराजांचं वाक्य म्हणून फिरायला लागतो.

सिंहगडाचंच घ्या, कारण तानाजी मालुसरे माहीत नाहीत असा मराठी माणूस सापडणं कठीण. १६७० चा फेब्रुवारी, पुरंदरच्या तहात मोगलांना द्यावा लागलेला कोंढाणा, किल्लेदार उदेभान, रात्रीची चढाई. टीव्हीवर ही गोष्ट कितीदा आली असेल, आणि दरवेळी तेच, यशवंती घोरपड, दोर, स्लो मोशनमधली लढाई आणि शेवटी 'गड आला पण सिंह गेला'. आता कागद काय म्हणतात ते बघा. कृष्णाजी अनंत सभासदानं बखर लिहिली सतराव्या शतकाच्या शेवटी, जिंजीला, राजाराम महाराजांच्या सांगण्यावरून, म्हणजे तो काळ पाहिलेली माणसं अजून जिवंत होती. त्याच्या बखरीत घोरपड नाही. वानर चालून जातात तसे निवडक मावळे कड्यावरून चपळाईनं वर चढले असं तो लिहितो. घोरपड येते शाहीर तुळशीदासाच्या पोवाड्यातून. महाराजांच्या तोंडी सभासद घालतो ते वाक्यही वेगळं आहे, एक गड घेतला पण एक गड गेला, अशा अर्थाचं. 'गड आला पण सिंह गेला' हे आपल्या मनात पक्कं बसलं ते हरिभाऊ आपट्यांच्या १९०३ च्या त्याच नावाच्या कादंबरीमुळे. आणि तानाजी पडल्यावर महाराजांनी गडाचं नाव सिंहगड ठेवलं म्हणतात, तर १६६३ सालच्या महाराजांच्या पत्रात, म्हणजे तानाजीच्या आधी सात वर्षं, सिंहगड हे नाव सरळ आलेलं आहे.

हे वाचून तानाजी लहान होतो का? मला तर तो जास्त मोठा वाटतो. घोरपड काढून टाकली की उरतात ती माघातल्या गारठ्यात, अंधारात, ओल्या कातळावर हाताच्या बोटांनी चढणारी हाडामांसाची माणसं. 'एक गड गेला' या साध्या वाक्यात महाराजांचं दुःख जितकं आहे तितकं कुठल्याच टाळीच्या वाक्यात नाही, कारण ज्याच्यासाठी एकेक गड म्हणजे जीव होता तो राजा आपल्या माणसाला गड म्हणतोय. यावर एक तासाचा काय सुंदर कार्यक्रम होईल. आधी पोवाडा गाऊन दाखवा, तोही सुंदरच आहे आणि त्याचा मान त्याला द्या, मग सभासद वाचा, मग ते पत्र दाखवा, मग कड्याखाली उभं राहून कॅमेरा वर न्या. प्रेक्षक स्वतःच ठरवेल. पण हा विचार करण्याचा अधिकार आपला टीव्ही प्रेक्षकाला देतच नाही, ही माझी खरी तक्रार.

आता असं का होतं, तर त्याचं बरंचसं कारण डेली सोपच्या गणितात आहे. आठवड्याला सहा दिवस, अर्ध्या तासाचा स्लॉट, जाहिराती वजा जाता बावीसेक मिनिटं, म्हणजे महिन्याला नऊ-साडेनऊ तास आणि वर्षाला शंभराच्या वर तास फुटेज भरायचं. ऐतिहासिक व्यक्तीच्या बालपणाबद्दल समकालीन साधनं असतात चार-दोन पानांची. मग उरलेलं भरायचं कशानं? तर त्याच चॅनेलच्या बाकीच्या सिरियल ज्या मसाल्यानं भरतात त्यानंच, म्हणजे दाराआडून ऐकणं, दुधात काहीतरी कालवणं, दोन राण्यांची धुसफूस, प्रत्येक वाक्यानंतर तीन चेहऱ्यांवर झूम. लेखकांना मी दोष देत नाही, त्यांना सकाळी सीन लिहून दुपारी सेटवर पोचवायचा असतो आणि गुरुवारी टीआरपी आला की सगळं ट्रॅकच बदलायचं असतं. यात अभ्यास करायला वेळ कुठून आणणार. पण याचा सगळ्यात मोठा फटका बसतो तो इतिहासातल्या बायकांना.

सोयराबाईंचं काय केलंय बघा. महाराज एप्रिल १६८० मध्ये गेले, राजारामांना गादीवर बसवण्याचा प्रयत्न झाला, तो फसला, पुढच्या वर्षी पुन्हा कट झाला आणि त्यात माणसं मारली गेली, इथपर्यंत इतिहास आहे. पण त्या स्वतः काय विचार करत होत्या, किती पुढाकार त्यांचा आणि किती अण्णाजी दत्तोंसारख्या कारभाऱ्यांचा, याबद्दल समकालीन कागद फार थोडं सांगतात. पडद्यावर मात्र त्या पहिल्या एपिसोडपासून भुवया उंचावून कट करणारी सावत्र आई. आणि त्यांचा सख्खा भाऊ हंबीरराव मोहिते, स्वराज्याचा सरनोबत म्हणजे सेनापती, सख्खा भाचा गादीवर बसत असताना त्याच्याविरुद्ध जाऊन संभाजीराजांच्या बाजूनं उभा राहिला. त्या माणसाच्या मनात त्या दिवसांत काय चाललं असेल, फौज त्याच्यामागे का गेली, हा प्रश्न कुठल्याही विषाच्या वाटीपेक्षा शंभरपट नाट्यमय आहे, पण त्यासाठी फौज कशी चालायची, वतनं कशी होती, कारभारी आणि सेनापती यांच्यातलं नातं काय होतं, ते समजून सांगावं लागतं, आणि त्यापेक्षा सासू-सुनेचा साचा सोपा पडतो.

यावर चॅनेलवाल्यांचं उत्तर ठरलेलं असतं, लोकांना पुरावे नको असतात, बोअर होतात. मला हे अजिबात पटत नाही. 'सीआयडी' १९९८ ते २०१८ अशी वीस वर्षं चालली, शिवाजी साटम घराघरात पोचले, आणि त्या सिरियलमध्ये लोक काय बघत होते तर बोटांचे ठसे, चपलेला लागलेली माती, फाटलेला कागद, कोण खोटं बोलतोय, कशावरून. पुरावा शोधणं माणसाला आवडतंच. इतिहासकार वेगळं काय करतो? वि. का. राजवाडे गावोगाव पायपीट करून, माळ्यावर आणि पेटाऱ्यांत पडलेली दप्तरं मागत फिरले, कुणी दिली, कुणी दारातून परत पाठवलं, आणि १८९८ मध्ये 'मराठ्यांच्या इतिहासाची साधने'चा पहिला खंड छापून आला, पुढे असे बावीस खंड झाले. हा शोधच एका सिरियलचा ऐवज आहे.

आणि नुसती पत्रं वाचून टीव्ही चालतो याचा दाखलाही आहे. अमेरिकेत केन बर्न्स यांनी तिथल्या यादवी युद्धावर नऊ भागांची डॉक्युमेंटरी केली, १९९० मध्ये पीबीएसवर ती लागली, आणि तिकडचं सरकारी मदतीवर चालणारं ते चॅनेल कधी नव्हे इतक्या लोकांनी, जवळपास चार कोटींनी, बघितलं. त्यात होतं काय, तर जुने स्थिर फोटो, एक साधी धून, आणि सैनिकांची, त्यांच्या बायकांची पत्रं चांगल्या नटांच्या आवाजात. सलिव्हन बलू नावाच्या मेजरनं लढाईच्या काही दिवस आधी बायकोला लिहिलेलं पत्र लोकांना इतकं भिडलं की ते आजही वाचलं जातं. एकही लढाई त्यांनी नटांकडून करवून घेतली नाही.

आता आपल्याकडे बघा. पुण्याच्या पेशवे दप्तरात कोट्यवधी कागद आहेत, बहुतेक जुन्या मोडी लिपीत. इतकी पत्रं मागे ठेवणारे समाज देशात फार नसतील. पानिपताचंच घ्या, तिथून निसटलेला एक एकोणीस वर्षांचाही नसलेला मुलगा, जो पुढे नाना फडणवीस झाला, त्यानं स्वतःच्या हातानं आत्मवृत्त लिहिलंय, त्यात तो पळ आहे, भीती आहे, हरवलेली आई आहे. पुढे मराठी राज्याची सूत्रं हलवणारा माणूस आपल्या घाबरल्याची गोष्ट सांगतो, ती वाचताना अंगावर काटा येतो. एका चांगल्या नटाला मांडी घालून बसवा आणि ती पानं वाचायला लावा, व्हीएफएक्सचे हत्ती लागणार नाहीत.

गोडसे भटजींचं तर मला फारच वाईट वाटतं. वरसईचे विष्णुभट गोडसे, कर्ज फेडायला चार पैसे मिळावेत म्हणून १८५७ मध्ये काकांबरोबर उत्तरेत गेले आणि थेट बंडात सापडले. झाशीत ते इंग्रजांच्या वेढ्याच्या वेळी आत होते. तोफा, आगी, शहर पडल्यावरची कत्तल आणि लूट, लपून काढलेले दिवस, पाण्यावाचून झालेले हाल, सगळं त्यांनी 'माझा प्रवास'मध्ये लिहिलंय. चिंतामणराव वैद्यांनी ते १९०७ मध्ये छापलं, त्यात त्यांनी बरेच फेरफार केले होते म्हणून पुढे १९६६ मध्ये दत्तो वामन पोतदारांनी मूळ हस्तलिखितावरून पुन्हा काढलं. त्यात एक प्रसंग आहे. झाशी पडल्यावर काल्पीच्या वाटेवर एका विहिरीपाशी भटजींना राणी भेटते. अंगावर पुरुषाचा पोशाख, सगळी धुळीनं माखलेली, तहानेनं व्याकूळ. भटजी पाणी काढून द्यायला पुढे होतात तर ती त्यांना थांबवते, तुम्ही विद्वान ब्राह्मण, माझ्यासाठी पाणी काढू नका अशा अर्थाचं काही बोलते, स्वतः पाणी शेंदते आणि ओंजळीनं पिते. प्रत्यक्ष बघणाऱ्यानं लिहिलेलं हे आहे, आणि आपल्याच भाषेत आहे. झाशीच्या राणीवर हिंदीत वर्ष-दोन वर्षं चालणारी भव्य सिरियल झाली, लहानपणापासून तलवारी, गुप्त वेष, इंग्रज साहेबांचं मोडकं हिंदी, आणि इकडे हा माणूस पुस्तकात गप्प बसून राहिला. मराठी चॅनेलला हे सहा भागांत करता आलं नसतं?

हे होऊ शकतं याची खात्री आपल्याच टीव्हीनं दिलेली आहे. 'उंच माझा झोका' २०१२ मध्ये आली तेव्हा लोकांनी ती डोक्यावर घेतली, आणि तिला आधार होता तो रमाबाई रानड्यांच्या स्वतःच्या आठवणींचा. अभ्यास करण्यासाठी घरातल्या बायकांचे टोमणे सोसणारी मुलगी, आणि बायको शिकावी म्हणून हट्ट धरणारा पण स्वतः वडिलांच्या शब्दाबाहेर जाऊ न शकलेला नवरा, ही खरी गुंतागुंत होती. तिच्यातही सिरियलपणा होताच, पण पाया पक्का असल्यानं तो झाकला गेला. आणि त्याआधी १९८८ ला दूरदर्शननं श्याम बेनेगलांकडून 'भारत एक खोज' करून घेतली, त्रेपन्न भाग. त्यात ओम पुरी मध्येच थांबवून सांगायचे की हे कुठल्या काव्यातलं, हे कुठल्या ग्रंथातलं. पद्मिनीची गोष्ट त्यात जायसीचं काव्य म्हणून येते, आणि चितोडचा वेढा १३०३ चा तर ते काव्य १५४० चं हे लक्षात आलं की माणूस आपोआप सावध होऊन ऐकतो. नसीरुद्दीन शाहांचा शिवाजी त्यात दोनच भागांत आहे पण अजून लक्षात राहतो. सेट साधे होते. प्रसार भारतीनं ते भाग यूट्यूबवर ठेवलेत, नव्या मुलांनी जरूर बघावेत.

संभाजीराजांवरच्या झी मराठीच्या सिरियलनं २०१७ नंतर एक चांगलं काम केलं हे मी मोकळेपणानं म्हणेन, व्यसनी आणि उधळ्या राजपुत्र ही प्रतिमा तिनं लाखो घरांतून पुसली. पण ती प्रतिमा आली कुठून हे किती जणांना कळलं? ती बरीचशी आली मल्हार रामराव चिटणीसाच्या बखरीतून, संभाजीराजे गेल्यावर शंभराहून जास्त वर्षांनी लिहिलेल्या, आणि हा चिटणीस म्हणजे संभाजीराजांनी देहदंड दिलेल्या बाळाजी आवजींचा वंशज. म्हणजे साक्षीदाराचाच जुना हिशोब बाकी होता. वा. सी. बेंद्र्यांनी कित्येक वर्षं कागद गोळा करून १९६० मध्ये संभाजीराजांचं चरित्र छापलं, कमल गोखल्यांनी त्यावर आणखी काम केलं, तेव्हा कुठे चित्र बदललं. आजूबाजूला विचारून बघा, सिरियलमधल्या नटाचं नाव सगळे सांगतील, बेंद्र्यांचं नाव दहात एखाद्यालाही येणार नाही. आणि यात धोका असा आहे की ज्याला प्रतिमा का बदलली हे माहीत नाही, तो उद्या दुसऱ्या सिरियलनं उलटी प्रतिमा दाखवली तर तीही तितक्याच भक्तिभावानं स्वीकारेल.

डॉक्युमेंटरी दाखवणाऱ्या चॅनेलांची तऱ्हा अजून वाईट. वेरूळचं कैलास लेणं माणसाच्या हातून होणं शक्य नाही, परग्रहावरून कुणीतरी आलं होतं, असले कार्यक्रम डब करून आपल्याला दाखवले जातात, आणि औरंगाबादच्या, म्हणजे आताच्या संभाजीनगरच्या परिसरातल्याच पाथरवटांच्या पूर्वजांचं श्रेय काढून कुठल्यातरी यानाला दिलं जातं. याचा मला संताप येतो. राष्ट्रकूट राजा कृष्ण पहिला यानं हे मंदिर करवलं, आणि बडोद्याला सापडलेल्या इसवी सन ८१२ च्या ताम्रपटात त्याचं वर्णन आहे, विमानातून जाणारे देव ते बघून थक्क होतात आणि ते घडवणारा शिल्पीसुद्धा म्हणतो की हे माझ्या हातून झालं तरी कसं, पुन्हा असं जमणार नाही. बाराशे वर्षांपूर्वीच्या कारागिराचं हे आश्चर्य पत्र्यावर कोरलेलं आपल्याकडे असताना आपण परग्रहवासी बघत बसतो.

काय दाखवत नाही याची यादी तर मोठीच आहे. मराठी टीव्हीचा इतिहास १६३० ला सुरू होतो आणि साधारण पानिपताला संपतो. त्याआधीचा मलिक अंबर नाही, आणि नंतरचं दुष्काळाचं, गिरण्यांचं, संयुक्त महाराष्ट्राचं, मराठवाड्यातल्या निजामाविरुद्धच्या लढ्याचं, १९६१ च्या गोव्याचं जवळजवळ काही नाही. सोनी मराठीनं २०२० मध्ये जोतिराव आणि सावित्रीबाईंवर सिरियल काढली ती टीआरपी नाही म्हणून वर्षाच्या आत बंद झाली. सावित्रीबाईंची पत्रं उपलब्ध आहेत, १८६८ च्या पत्रात त्या नायगावहून जोतिरावांना कळवतात की गावकरी एका ब्राह्मण मुलाला आणि महार मुलीला मारायला निघाले होते आणि त्यांनी मध्ये पडून दोघांना वाचवलं. हे नाट्य नाही तर काय आहे?

भीतीचा मुद्दाही टाळून चालणार नाही. २००४ च्या जानेवारीत शिवाजी महाराजांवरच्या एका पुस्तकाच्या वादातून पुण्याच्या भांडारकर संस्थेत घुसून पोथ्या आणि पुस्तकांची जी नासधूस झाली ती सगळ्यांना आठवते, चॅनेलवाल्यांना तर नक्कीच. त्यामुळे ते सगळ्यात सुरक्षित वाट धरतात, थोर माणूस पहिल्या दिवसापासून थोर, त्याला शंका नाही, चूक नाही, थकवा नाही, आणि कुठल्याच गोष्टीला दोन बाजू नाहीत. पण मला वाटतं कागद दाखवण्यातच जास्त सुरक्षितता आहे. 'मी असं म्हणतो' यावर मोर्चा येईल, पण 'सभासद असं म्हणतो, पोवाडा असं म्हणतो, पत्रात असं आहे' यावर भांडायचं तर समोरच्यालाही निदान ते वाचावं लागेल. शिवजन्माच्या तारखेचा वाद आपल्या समाजानं असाच लढवला, जेधे शकावली, म्हणजे जेधे घराण्याकडची जुनी तारीखवार नोंद, पुढे आली, तज्ज्ञ भांडले, समित्या बसल्या, आणि शेवटी २००१ मध्ये सरकारनं १९ फेब्रुवारी १६३० ही तारीख मान्य केली. कागदावरून झालेला वाद इतकी वर्षं चालवून निकालापर्यंत नेणारा समाज पुरावे बघून बोअर होतो असं कुणी म्हणू नये.

मागणी फार मोठी नाही. रोजच्या सिरियल चालायच्या त्या चालू देत, त्यांच्यावर कित्येक घरं चालतात आणि त्यातले कलाकार मनापासून काम करतात. फक्त शनिवारच्या एपिसोडनंतर पाच मिनिटं द्या, एक अभ्यासक बसवा आणि या आठवड्यात जे दाखवलं त्यातलं कशाला कागद आहे, कुठे पोवाडा किंवा दंतकथा आहे आणि कुठे आमची कल्पना, एवढं सरळ सांगा. आणि सह्याद्री वाहिनीनं तर टीआरपीच्या मागे लागायचं कारणच नाही, तिथे आपले पैसे आहेत. तिनं आठवड्याला अर्धा तास इतिहासाच्या साधनांवर द्यावा, मोडी वाचणारे अजून आहेत तोवर. सुरुवात नाणेघाटापासून करता येईल. पावसाळ्यात दर रविवारी तिथे ट्रेकची पोरं गर्दी करतात, गुहेत शिरतात, फोटो काढतात, आणि ज्या भिंतीला टेकून उभी राहतात तिच्यावर सातवाहनांच्या नागनिका राणीचा दोन हजार वर्षांपूर्वीचा ब्राह्मी लेख आहे, कुठल्या यज्ञात किती गाई आणि किती कार्षापण, म्हणजे त्या काळची नाणी, दिले त्याच्या आकड्यांसकट. त्या एपिसोडला एक कॅमेरा, एक चांगला दिवा आणि तो लेख वाचून दाखवणारा एक माणूस एवढंच लागेल.